उतरवलेले पत्रे

२ मार्च

दाजी,

तुमच्या छपराचा खरा खर्च कधी कोणी मांडला नाही, म्हणून आज मी मांडतो. माझे एक्केचाळीस दिवस. डाव्या अंगठ्याचं नख. ते पुन्हा आलं, पण वाकडं. एक शिडी, जी तुमच्या अंगणात राहिली आणि मागायला मी आलो नाही. ताईच्या हातचा चहा, एकोणीस वर्षांचा. आणि माझं नाव.

ताईचं पत्र मिळालं. 'छप्पर तीन ठिकाणी गळतंय, डागडुजी करावी की सगळंच नवीन घालावं, तूच सांग.' अक्षर तिचं आहे, पण बोलणारे तुम्ही आहात. 'डागडुजी' तिच्या माहेरी कोणी म्हणत नाही, आम्ही सरळ 'ठिगळ' म्हणतो. तिच्या खुर्चीमागे उभं राहून तुम्ही मजकूर सांगितलात. माझे कान तिखट आहेत, दाजी. कागदावरचंही ऐकू येतं.

तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण देतो. छप्पर पुरं झालं, पहिला पाऊस लागला आणि तुम्ही कचेरीतल्या साहेबांना जेवायला बोलावलंत. गिरणीचा ठेकेदारही होता. साहेबांच्या टकलावर एक थेंब पडला. साहेब हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. मी मागे मोरीत हात धूत होतो. तुम्हाला वाटलं, नळ सुरू आहे, याला काय ऐकू जातंय. तुम्ही म्हणालात, "काम फुकटचं, माणूसही फुकटचा." दुसऱ्या दिवशी गिरणीच्या शेडचं काम मला मिळायचं होतं. ठेकेदार म्हणाला, "बघू पुढे." ते 'पुढे' अजून आलेलं नाही. मी हातोडा घेतला आणि तुमचं गाव सोडलं.

थेंब का पडला, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. माझा हात निघाल्यावर आठवड्याच्या आत तुम्ही वर अँटेनाची काठी ठोकून घेतलीत, माझ्या कोऱ्या पत्र्याला भोक पाडून.

तर माझा सल्ला असा: ठिगळ नाही. सगळे पत्रे उतरवायचे, खालचं लाकूड उघडं करायचं, नवीन छप्पर घालायचं. मी येतो, चार माणसं आणतो, मजुरी नको. अट एकच. त्या दिवशी तुम्ही अंगणात उभं राहून, सगळ्या गल्लीसमोर, खणखणीत आवाजात म्हणायचं: दोष याच्या हाताचा नव्हता, आणि मी बोललो ते चूक बोललो.

तुमचा फुकटचा मेहुणा

११ मार्च

श्री. मेहुणेबुवा यांस,

आपले पत्र पोचले. शिडी सुरक्षित आहे. तिच्यावर वेल चढवला आहे, चांगला फोफावला आहे.

आपला सल्ला आपल्या धंद्याला शोभेसा आहे. न्हाव्याला विचारलं, केस वाढलेत का, तर तो 'नाहीत' असं कधी म्हणेल? माझा विचार डागडुजीचा आहे. जोडांवर डांबराच्या पट्ट्या मारल्या, चार बोल्ट बदलले, की पाच वर्षं निघतात. पाच वर्षांनंतरचं पाच वर्षांनंतर.

मी दप्तरात आयुष्य घालवलेला माणूस आहे, आठवणीवर बोलत नाही. माझ्याकडे गळतीची वही आहे. एकोणीस पावसाळ्यांत हे घर एकशे सदतीस दिवस गळलं. प्रत्येक दिवसाची नोंद आहे: तारीख, वेळ, कोणत्या खोलीत, बादली की तपेलं, किती बोटं पाणी, वारा कुठून. अँटेनाच्या भोकाखाली एकदाही साधी वाटीसुद्धा ठेवावी लागलेली नाही. हवी असल्यास नक्कल पाठवतो.

राहिली आपली अट. आपल्या नावाचं आपल्याला फार. माझ्या नावाचं काय? आपण गाव सोडलंत, पण जाता जाता प्रत्येक नातेवाइकाच्या घरी थांबून सांगत गेलात की दाजीने छपराला भोक पाडलं. माझ्या लेकीच्या लग्नात तिचा चुलत सासरा मला ओळख करून देताना म्हणाला, "हे आपले भोकवाले दाजी." दीडशे माणसं हसली. लेकही हसली. तो दिवसही वहीत आहे, पाऊस नसताना.

अट नामंजूर.

आपला दाजी

१७ मार्च

भोकवाले दाजी,

नाव चांगलं चिकटलंय की! मी दिलं तेव्हा इतकं टिकेल असं वाटलं नव्हतं. माझं काम टिकाऊ असतं, ते असं.

तुमची वही तुम्हालाच लखलाभ. बादलीत किती बोटं पाणी पडलं ते लिहीत बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. घराला आग लागली असती तर तुम्ही आधी ज्वाळेची उंची मोजली असती.

मी कसा वर आलो, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. मला कोणी शिकवलं नाही. उस्ताद लोक कामाच्या वेळी पोरांना पाणी आणायला पाठवतात, म्हणजे गोम कळू नये. मी पाणी पटकन आणायचो आणि बघायचो. पत्रा कुठल्या हाताने सुरू करतात, एकावर एक किती चढवतात, बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारतात की खोलगट भागात, सगळं डोळ्यांनी चोरलं. कोणाला 'का' म्हणून विचारलं नाही. विचारणारा शिकाऊच राहतो. आज माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. लाकडावर बोटाने टकटक केली की आतून कुजलंय का ठणठणीत आहे ते सांगतो. तीनशेच्या वर छपरं घातली. त्यातलं एकही घर असं नाही की ज्याने मला पुन्हा बोलावलं. एकही नाही! छप्परवाल्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार? काम असं करावं की गिऱ्हाईकाला तुमचं तोंड पुन्हा बघावं लागू नये.

फक्त तुमचं एक घर बोलावतंय. आणि तिथे भोक तुमचं आहे.

डांबर मारा खुशाल. डांबर म्हणजे म्हाताऱ्याने केस काळे करावेत तसं. पाऊस फसत नाही.

तुमचा मेहुणा

२५ मार्च

ठोक्या,

तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडताय, आणि ते गळतंय माझ्याच डोक्यावर. तू बाहेरून शहाणपण शिकवतोस, हे आतून. मधे मी तपेलं धरून.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. माझा पलंग आता खोलीच्या मधोमध आहे, कारण चारही भिंतींकडून ओल येते. पावसाळ्यात उशाशी एक डबा असतो. टप, टप, टप. पहिल्या वर्षी मोजायचे, मग सवय झाली, आता आवाज थांबला की जाग येते. दोन वर्षं झाली, खोकला जात नाही. डॉक्टर म्हणतात, कोरड्या घरात राहा. मी म्हटलं, असं घर औषधाच्या दुकानात मिळतं का?

मी ह्यांना निक्षून सांगितलंय. जूनच्या आत नवीन छप्पर झालं नाही तर मी लेकीकडे जाते, आणि पावसाळ्यापुरती नाही, कायमची. ठिगळ चालणार नाही. ह्यांनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि तीन दिवस तिच्यात डोकं घालून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "बोलाव त्याला. अट मान्य." आणि मग बागेत जाऊन शिट्टी वाजवत होते. ठोक्या, ह्यांची शिट्टी मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकली. पहिल्यांदा साहेब निवृत्त झाले तेव्हा.

मला हे काही बरं लक्षण वाटत नाही. पण छप्पर हवंय. ये.

तुझी ताई

२९ मार्च

श्री. मेहुणेबुवा यांस,

अट मंजूर.

दोन गोष्टी माझ्याकडून. मजकूर मी लिहीन. माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द बसत नाहीत. आणि तो मी वाचेन सगळे पत्रे उतरवून झाल्यावर, खालचं लाकूड उघडं असताना. त्या वेळी आपण वरच असावं. मान वर करून माफी मागण्यात जास्त नम्रता दिसते, असं मला वाटतं.

पत्रे मागवले आहेत. शिडी वेलातून सोडवून ठेवली आहे.

आपला दाजी

२ एप्रिल

दाजी,

शाब्बास. झुकावं तर असं, थेट आढ्याखाली.

अकरा तारखेला येतो. गल्लीत निरोप मी स्वतः पाठवलाय, तुम्ही तसदी घेऊ नका. ठेकेदार वारला असं कळलं, पण त्याचा मुलगा येईल. समोरचा शिंपी येईल. कोपऱ्यावरचा किराणावाला दुकान अर्धा तास बंद ठेवणार आहे, मी सांगितलंय की बघण्यासारखं आहे. आवाज मोठा ठेवा. मी वर असेन, माझे कान चांगले आहेत, पण मागच्या रांगेतल्यांचे तसे असतीलच असं नाही.

आणि हो, अँटेनाच्या भोकाखालचं लाकूड मी सगळ्यांना खाली काढून दाखवणार आहे. काळं, भुसभुशीत. पोरांना हात लावू देईन.

एकोणीस वर्षं मी हा दिवस जपून ठेवलाय, जसं कोणी लग्नातला कोट ठेवतं. बघू या अंगाला बसतो का.

तुमचा मेहुणा

१९ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचलो. चहा न घेता निघालो म्हणून तू रागावली असशील. पाय दुखत होते. या वयात आठ दिवस छपरावर काढले की पाय बोलतात.

छप्पर चांगलं झालंय. तुझ्या खोलीवर पत्र्याच्या खाली जाड लाकडी फळ्या घातल्यात, आवाजही कमी येईल. या वेळी पत्रे मी डोंगराच्या उलट्या बाजूने सुरू करून डोंगराकडे संपवलेत. कोणी का म्हणून विचारलं तर सांग, त्याची लहर.

दाजींनी मजकूर नीट वाचला. मला तक्रार नाही. गल्लीतली माणसं मात्र बदललीत गं. शिंप्याने मला ओळखलं नाही. ठेकेदाराचा मुलगा विचारत होता, "कोण वारलं?" किराणावाल्याला वाटलं होतं की लिलाव आहे. दाजी वाचत असताना एक बाई दुसरीला म्हणाली, "छप्पर गळत होतं म्हणे." दुसरी म्हणाली, "मग त्यात वाचायचं काय?"

खाली उतरवलेलं जुनं लाकूड जाळून टाक. सगळं. ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

तुझा ठोक्या

२४ एप्रिल

श्री. मेहुणेबुवा यांस,

लाकूड जाळलं. एक पट्टी सोडून. ती मी दप्तरातल्या लाल फितीने बांधून कपाटात ठेवली आहे.

आपण आपल्या ताईला पाय दुखल्याचं कळवलं. पाय नव्हते दुखत. मी खाली उभा होतो आणि माझी नजर कागदावर नव्हती. मजकूर मला पाठ होता. मी आपलं तोंड बघत होतो.

आपण आधी अँटेनाच्या जागी गेलात. बोटाने टकटक केली. लाकूड ठणठणीत. पुन्हा केली. मग गुडघ्यावर बसून नखाने खरवडलं. कोरडं, पिवळंधमक, परवा रंधा मारल्यासारखं. मग आपण पलीकडच्या जोडाखाली पाहिलं. काळं. त्याच्या पुढच्या जोडाखाली, काळं. प्रत्येक जोडाखाली एक काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वहीला आखल्यासारखी. आपला म्हातारा कारागीर म्हणाला, "उस्ताद, हे तर—" आणि आपण म्हणालात, "गप." माझे कान आपल्याइतके तिखट नाहीत, पण तेवढं ऐकू आलं.

नेमकं तेव्हा मी वाचत होतो, 'दोष याच्या हाताचा नव्हता.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. मागच्या रांगेसाठी.

मला हे सहाव्या पावसाळ्यात कळलं. वही चाळत होतो. डोंगराकडून वारा असला की गळतं. इतर दिवशी ढग फुटला तरी कोरडं. एका पत्रेवाल्याला वर चढवलं. तो म्हणाला, "साहेब, कोणी घातलंय हे? एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या कडा वाऱ्याच्या तोंडावर उघड्या ठेवल्यात. वारा पाणी आत ढकलतो. पलीकडच्या टोकाने सुरू करून डोंगराकडे संपवायला हवं होतं." आपल्या मूळ गावी पाऊस नदीकडून येतो, तिथे आपला हात बरोबर होता. इथे तो डोंगरावरून येतो. आपण उस्तादांचा हात चोरलात, पण त्यामागचं कारण चोरायला विसरलात.

तेव्हाच का सांगितलं नाही? भोकवाल्याचं कोण ऐकतं? आपण म्हणाला असता, दाजी खोटं बोलतात, आणि नातेवाइकांना आणखी एक गोष्ट मिळाली असती. मला आपले स्वतःचे डोळे हवे होते, लाकडावर टेकलेले, आणि त्याच वेळी माझी माफी कानात. तेरा वर्षं थांबलो. मार्चमध्ये डागडुजीवर अडून बसलो, ते आपण हट्टाला पेटावं म्हणून. आपण पेटलात.

हिशेब पुरा झाला असं मी समजतो.

आपला दाजी

(खाली ताईच्या अक्षरात)

ठोक्या, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. मी आधी वाचलं. तेरा वर्षं ह्यांना माहीत होतं छप्पर कशाने गळतंय, आणि तेरा वर्षं डबे मी ओतले. आठवड्याभरात पत्रे उलटून घालता आले असते. ह्यांना ते चालणार नव्हतं, कारण मग तुझं तोंड बघायला मिळालं नसतं. आणि तू? काळं लाकूड बघून तोंड शिवलंस आणि माझ्या नवऱ्याला सगळ्या गल्लीसमोर माफी मागू दिलीस. मला सांगतोस, जाळून टाक.

छप्पर उत्तम झालंय. त्याच्याखाली ह्यांनाच राहू दे. मी परवा लेकीकडे चाललेय. माझी वाट कोणी बघू नये. मला पत्रंही नकोत, दोघांचीही. एकमेकांना लिहा. तुम्हाला ते चांगलं जमतं.

९ मे

दाजी,

तुम्ही जिंकलात असं मी लिहिणार नाही. पाच पत्रं लिहून फाडली, त्यातलं एकही तुम्हाला आवडलं नसतं. कपाटात लाकडाची पट्टी ठेवणाऱ्या माणसाला मी काय नावं ठेवणार? मी एकोणीस वर्षं एक वाक्य ठेवलं होतं. तुमच्याकडे निदान फीत तरी आहे.

माफीचा मात्र निकाल लावू या. तुम्ही दोन गोष्टींची मागितली होती. कामाची परत पाठवतो आहे, ती माझी नाही. दोष माझ्या हाताचाच होता. हे मी गल्लीसमोर येऊन सांगितलं असतं, पण गल्लीला काही पडलेलं नाही, हे आपण दोघांनी पाहिलं. 'माणूस फुकटचा' म्हणालात, त्याची माफी मात्र मी ठेवून घेतोय. ती तुम्हाला परत मिळणार नाही. नळ सुरू असला तरी तसं बोलायचं नसतं.

गळती भोकाची नव्हती, अशी मी नातेवाइकांना पत्रं टाकलीत. चुलत सासऱ्यालाही. त्याचं उत्तर आलं: "बरं बरं. भोकवाले दाजी कसे आहेत?" टिकाऊ काम, सांगितलं होतं ना.

तुमच्या लेकीकडे गेलो होतो. ताईने दार उघडलं, मला पाहिलं, "जेवून आलायस ना?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत कोणी खोकत नव्हतं, एवढं मी दाराला कान लावून ऐकलं. तुम्हाला म्हणून सांगतो. तिला मी कळवलंय हे कळू देऊ नका.

तुमच्या पत्रानंतर झोप लागेना. मी घातलेली बहुतेक छपरं नदीच्या बाजूची, तिथे माझा हात बरोबरच आहे. पण डोंगराच्या अंगाला मी पंचवीसेक घरं केली होती, सगळी त्याच हाताने. मार्चमध्ये तुम्हाला मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. परवा त्यातल्या पहिल्या घरी गेलो. पंधरा वर्षांपूर्वीचं काम. मालकीणबाई दारातच भेटल्या, वय झालंय. मी ओळख दिली. म्हटलं, छप्पर कसं आहे, तुम्ही कधी बोलावलं नाहीत, म्हणजे ठीकच असणार.

त्या म्हणाल्या, "बोलावतो की, दर मे महिन्यात. डांबर मारायला दुसरा माणूस येतो."

तुमचा मेहुणा